मागच्या सीटवरचं सामान

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की सायकलवर पुढे मी बसणार. बस्स. यात काही अपराध असेल तर तुम्हीच सांगा. स्कूटरवर मी पुढे बसतो, फोटोत मी पुढे उभा राहतो, लग्नाच्या पंगतीत तर मी सगळ्यांच्याच पुढे असतो. मग जोडसायकल आली म्हणून माझ्यासारख्याने गुपचूप मागे जाऊन बसायचं, हे काही मला पटणारं नव्हतं.

जोडसायकल म्हणजे दोन सीट, दोन हँडल, चार पेडल आणि चाकं मात्र दोनच. आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत हे खूळ आणलं हिनाबेननी. (पाण्याच्या टाकीपासून गरब्यापर्यंत सोसायटीत जे जे हलतं, ते हिनाबेन हलवतात.) त्यांनी 'जोडीदार सायकल क्लब' काढला. केबिन रोडवरच्या एका दुकानातून रविवारी जोडसायकली भाड्याने आणायच्या आणि नवरा-बायको, भाऊ-बहीण, ज्याची जी जोडी असेल तिने चालवायच्या. एक सासू-सुनेचीही जोडी होती. ती पहिल्याच रविवारी फुटली. दोघींनाही ब्रेक आपल्याच हातात हवा होता.

पहिल्या दिवशी हिनाबेननी आम्हाला पार्किंगमध्ये उभं करून माहिती दिली.

"सुभाषभाई, ध्यान से सुनो. इथे दोन चेन आहेत. ही डाव्या बाजूची पुढच्या पेडलला मागच्या पेडलशी जोडते. आणि ही दुसरी मागच्या पेडलवरून चाकाला जाते. म्हणून चारही पाय एकसाथ फिरले पाहिजेत. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. (मी समोरच्या गाडीच्या काचेत हेल्मेट कसं दिसतंय ते बघत होतो.)

"आणि मागचं हँडल फक्त धरायला आहे. ते वळत नाही."

हे मात्र मी नीट ऐकलं. मागचं हँडल नुसतं धरायचं, ते वळत नाही! ज्याने कोणी ही सायकल बनवली, त्याला संसाराचा चांगला अनुभव असणार, असं मी सगळ्यांसमोर म्हणालोसुद्धा. वर आणखी म्हणालो, "पुढे बसतो तो चालवतो. मागे बसतं ते सामान!"

सगळे हसले. सगळ्यात जास्त हसले प्रीतमभाई, म्हणजे हिनाबेनचे यजमान. क्लबात मागे बसणारा एकुलता एक नवरा. हिनाबेन पुढे, हे मागे. खिशात खाखऱ्याचं पाकीट. "पीछे कोई टेन्शन नहीं, सुभाषभाई," ते म्हणायचे. मला त्यांची फार कीव यायची.

हसली नाही ती फक्त माझी बायको. मृणालिनी.

ती लगेच काही बोलली नाही, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. रात्री जेवताना तिने माझ्या ताटात भाकरी टाकली. ठेवली नाही, टाकली.

"क्लबची उन्हाळी सहल उत्तनला आहे ना?" तिने विचारलं.

"हो. उत्तनच्या पुढे टेकडीचा चढ आहे. जी जोडी पाय न टेकता चढेल, तिच्या पुढच्या माणसाला कॅप्टनची टोपी."

"मग आपलंही ठरवून टाकू. चढावर ज्याचा पाय आधी जमिनीला टेकेल, त्याने यापुढे मागे बसायचं. कायमचं. स्कूटरवरसुद्धा."

स्कूटर! लायसन्स तिच्याकडेही आहे. दागिन्यांच्या डब्यात असतं आणि दागिन्यांइतकंच बाहेर निघतं. पण बायकोच्या मागे स्कूटरवर बसून मी ऑफिसला जातोय आणि नाक्यावर सगळा स्टाफ बघतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला दरदरून घाम फुटला.

"मंजूर," मी म्हणालो. मर्दासारखा म्हणालो. पण पाणी प्यायल्यावर.

त्या दिवसापासून मी जिद्दीला पेटलो. सकाळी पलंगावर पाठ टेकून हवेत पेडल मारू लागलो. ऑफिसात लिफ्ट सोडली. (एकदा. मग गुडघा धरला.) संध्याकाळी आम्ही दोघं खारी गावाच्या गल्ल्यांतून सराव करायचो. मी पुढे, ती मागे. मागच्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून मी मोठ्या मनाने सगळं सांगायचो.

"डावीकडे खड्डा."

"बरं."

"समोरून गाय येतेय."

"कशी आहे?"

"गाय कशी असते? गायीसारखी."

"अहो, मला तुमच्या शर्टाशिवाय काहीच दिसत नाही."

"दिसायची गरज काय? मी सांगतोय ना!"

यावर ती गप्प बसायची आणि मी खूश व्हायचो. बायको गप्प बसली की आपलं पटलं, असं मला वाटतं. (अजूनही वाटतं. सवय लवकर जात नाही.)

सहलीचा रविवार उजाडला. मे महिना. सूर्य अजून आला नव्हता, पण त्याचा उकाडा आधीच येऊन बसला होता. गेटवर वॉचमन हरिश्चंद्र दात घासत उभा होता. त्याने आम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय साहेब, वहिनी मागे?"

"मग! हरिश्चंद्र, सामान नेहमी मागेच ठेवतात," मी म्हणालो आणि झोकात घंटी वाजवली. मागून जोर आला आणि सायकल जरा जोरात पुढे गेली.

रेल्वेवरचा पूल ओलांडून आम्ही पश्चिमेला उतरलो. मुर्धे, राई, मोर्वे अशी गावं मागे पडत गेली. पुढे हिनाबेन, त्यांच्या मागे खाखरा खाणारे प्रीतमभाई, मग आम्ही, आणि आमच्या मागे रोशन आणि इशिता ही कॉलेजातली भावंडं, जी सगळा रस्ता भांडत होती. मिठागरांवरून वारा येत होता. मी मान ताठ ठेवून चालवत होतो. उत्तन आलं तसा खारट वास यायला लागला.

"समुद्र आला," मी जाहीर केलं.

"कसा आहे?" मागून प्रश्न.

"आहे... निळा."

"अजून?"

"मोठा आहे गं. समुद्र आहे तो."

तेवढ्यात ती एकदम ओरडली, "थांबा, थांबा! चंद्रावती मावशी!"

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी मला कोणी सांगितली नव्हती. मृणालिनी या सहलीला इतक्या आनंदाने का तयार झाली? मला वाटलं माझ्यासाठी. छे! आगोटीसाठी. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून त्याआधी सुके बोंबील, जवळा, सोडे घरात भरून ठेवायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. आणि चंद्रावती मावशी म्हणजे वर्षभर केबिन रोडवर टोपली घेऊन बसणारी कोळीण. तिने मृणालिनीला सांगूनच ठेवलं होतं, की बाजारातले घेऊ नको, माझ्या दारातून घेऊन जा.

मावशी रस्त्याच्या कडेलाच उभी होती. मागे बांबूंवर बोंबील वाळत होते. हातात गाठोडं तयार. गाठोडं म्हणजे लहान मूल असावं एवढं.

"आलीस गो पोरी! घे, तुझ्यासाठीच बाजूला ठेवलेले हाय. असे बोंबील तुला बाजारात मिळणार न्हाय." मग मावशीने माझ्याकडे पाहिलं. "ह्ये पुढं बसलेले तुझे मालक काय?"

"मालक नाही, नवरा," मृणालिनी म्हणाली.

"अगं, पण हे आत्ता घ्यायचं? चढाच्या तोंडावर?" मी कळवळलो. "येताना घेऊ!"

"येताना मावशी नसणार. लग्नाला चाललीय."

"आणि क्लबात शाकाहारी मंडळी आहेत! पिकनिकला बोंबील?"

हिनाबेन पुढे थांबल्या होत्या. त्यांनी हात हलवला. "लेलो, लेलो भाभी! आमचं काय जातं? फक्त वाऱ्याच्या त्या बाजूला ठेवा!"

झालं. आता गाठोडं बांधायचं कुठे? मागच्या कॅरिअरवर पिकनिकचे डबे होते. मी क्षणभर विचार केला आणि गाठोडं दोन सीटच्या मधे, नळीला टांगलं. मावशीने सुतळी दिली. "मी बांधते," मृणालिनी म्हणाली. मी म्हणालो, "गाठ हे बायकांचं काम नाही." आणि अशी गाठ मारली, की ती कशी मारली ते मलाही परत सांगता येणार नाही. सुतळी थोडी जास्त झाली. तिचं टोक खाली लोंबत होतं. असेना, म्हटलं.

चढ सुरू झाला.

सुरुवातीचा भाग, खरं सांगतो, जीवघेणा होता. मांड्या पेटल्या. कानात भुंगे. रोशन आणि इशिताने पहिल्याच वळणावर पाय टेकला आणि दोष कोणाचा यावर पुन्हा भांडण काढलं. माझाही डावा पाय पेडलवरून सुटू पाहत होता. डोळ्यांसमोर स्कूटर आली. नाक्यावरचा स्टाफ आला. मी दात आवळले आणि मनात म्हणालो, सुभाष, आज मेलास तरी चालेल, पण पाय टेकायचा नाही.

आणि चमत्कार झाला.

खाली कुठेतरी खट्ट असा आवाज आला आणि माझे पाय एकदम हलके झाले. अगदी पिसासारखे. पेडल गरगर फिरायला लागलं. मला पहिल्यांदा भीती वाटली, मग लक्षात आलं. पलंगावरचा सराव! शरीर शेवटी साथ देतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. मी आणखी जोर लावला. पाय आजीच्या शिवणयंत्राच्या चाकासारखे पळू लागले.

"बघ!" मी ओरडलो. "बघ कसं पळतंय आता!"

मागून फक्त धापा ऐकू आल्या. आणि सायकल, का कोण जाणे, जरा हळूच चालली होती. आहे चढ, चालायचंच.

"अहो... पेडल... मारताय ना?"

"म्हणजे? पाय बघ माझे!"

ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं. मग तिचा श्वास आणखी जोरात यायला लागला, आणि मी तिला धीर दिला. "घाबरू नकोस. तू नुसती बसून राहा. मी आहे!"

आता मला गाता येईल इतकं सोपं वाटत होतं. मी एक हात सोडून घाम पुसला. इकडेतिकडे बघितलं. आमच्या मागे तीन कुत्री आणि एक बोका धावत येत होता. बोंबलाचा वास. पण त्या क्षणी मला ती मिरवणूकच वाटली. पुढे हिनाबेननी पाय टेकला होता. त्या आणि प्रीतमभाई सायकल ढकलत चालले होते. आम्ही त्यांच्या बाजूने गेलो, तेव्हा हिनाबेन थांबल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

"शाबास भाभी! शाबास! छोडना नहीं!"

मी मनात म्हणालो, बघा, किती समजूतदार बाई आहे. दुबळ्या माणसाला उत्तेजन देतेय. मी त्यांना हात करून पुढे गेलो.

"भाभी, अजून एक वळण!" प्रीतमभाई ओरडले.

यांना सगळ्यांना माझं नाव माहीत नाही की काय, असं मला एकदा वाटून गेलं. पण तेवढ्यात माथा आला. झाडाची सावली आली. आणि माझे पाय, डावा आणि उजवा दोन्ही, पेडलवर होते! मी सायकल थांबवली आणि गड जिंकल्यासारखा उतरलो. मृणालिनी उतरली नाही. ती हँडलवर डोकं टेकून बसली होती. पदर घामाने निथळत होता. तिने साडी खोचून कमरेला बांधली होती आणि तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

"एवढं काय झालं?" मी म्हणालो. "मी बघ, घामसुद्धा नाही."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी आजवर विसरलेलो नाही.

बाकीचे आले. चादरी अंथरल्या. थेपले, छुंदा, आमच्या घरची घावनं, आंब्याच्या फोडी. बोंबलाचं गाठोडं सायकलवरच राहिलं, वाऱ्याच्या त्या बाजूला, आणि बोका त्याच्यासमोर हात जोडल्यासारखा बसला. पाय न टेकता चढलेली एकच जोडी, आमची. हिनाबेननी निळी टोपी काढली. त्या मृणालिनीकडे बघत होत्या, पण टोपी पुढच्या माणसाची, असा नियमच होता. मी डोकं पुढे केलं.

आणि मला भाषणाचा मोह झाला. (भाषण करू नये असं मला ऑफिसात तीनदा लेखी सांगितलेलं आहे.)

"मित्रहो," मी म्हणालो, "आज एक गोष्ट सिद्ध झाली. चढ पायांनी चढत नाहीत, जिद्दीने चढतात. पुढच्याने जिद्द धरली की मागचं आपोआप वर येतं. मात्र मागच्यांचंही मानसिक सहकार्य असतं, ते मी विसरत नाही."

इशिताने फोन काढला. "काका, सायकलवर बसा ना दोघं! ॲक्शन फोटो काढते. नुसतं पेडल मारा, उलटं मारलं तरी चालेल."

मी टोपी घालून पुढे बसलो. मृणालिनी मुकाट्याने मागे बसली आणि एक पाय पेडलवर, एक जमिनीवर ठेवून सायकल धरली. मी हसलो आणि पेडल फिरवलं. गरगर, गरगर, काय छान फिरत होतं!

इशिताचा फोन हळूहळू खाली आला.

"काका... तुमचं पेडल फिरतंय."

"मग?"

"काकूंचं नाही फिरत."

हिनाबेन उठल्या. वाकून बघितलं. मग त्या सावकाश उभ्या राहिल्या आणि माझ्याशी ज्या सुरात बोलल्या, त्या सुरात डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात.

"सुभाषभाई, ती डावी चेन निघाली आहे. सुतळी गुंतली आहे तिच्यात. तुमच्या गाठीची."

सगळे वाकले. गाठोड्याखाली चेन लोंबत होती आणि सुतळी तिला अशी मिठी मारून बसली होती, की कोण कोणाचं ते कळेना.

"म्हणजे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं. हेल्मेट बघताना कानावरून गेलेला तो एकेक शब्द आता परत आला. पुढच्या पेडलला मागच्या पेडलशी जोडते.

"म्हणजे खट्ट झाल्यापासून," प्रीतमभाई थेपला गिळत म्हणाले, "आप हवा में चला रहे थे. भाभीने खेचलं. तुम्हाला पण, बोंबील पण, डबे पण!"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं माळरान हसायला लागलं. कुत्रीसुद्धा भुंकली.

"तुला माहीत होतं?" मी मृणालिनीला विचारलं.

"तुमचे पाय माझ्या पायांच्या दुप्पट फिरत होते. मला दिसत नव्हतं का? शर्टाखाली तेवढंच तर दिसतं."

"मग थांबवायचं ना!"

"थांबले असते तर पाय टेकला असता ना माझा."

मी वकिली काढली. हरलेला नवरा दुसरं काय काढणार? "ते काही असो. नियम म्हणजे नियम. माझा पाय टेकलेला नाही."

"नाहीच टेकला," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या पायांनी काहीच केलं नाही. टेकण्याचंही नाही."

पुन्हा हशा. पण ती हसत नव्हती. ती समुद्राकडे बघत होती. माथ्यावरून तो सगळाच्या सगळा दिसत होता, होड्या, पाण्यावरचं चमचमणारं ऊन.

"निळा, म्हणे," ती म्हणाली. "अहो, किती रंग आहेत त्यात! लग्न झाल्यापासून तुमच्या मागे बसून मी तुमचे सगळे शर्ट पाठ केलेत. कुठल्याची शिवण उसवलीय, कुठल्याची कॉलर विटलीय, झोपेतसुद्धा सांगेन. मला एकदा रस्ता बघायचाय. पैज-बैज राहू दे. परत जाताना मला पुढे बसू द्या."

आता काय सांगू तुम्हाला. मी टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. हिनाबेननी टाळ्या वाजवल्या आणि या वेळी त्या कोणासाठी होत्या याबद्दल मला शंका नव्हती.

चेन काही बसली नाही. सुतळी कापली, पण एक कडी वाकली होती. "चालेल तसंच," हिनाबेन म्हणाल्या. "मागच्याने चालवायची, बस्स."

"म्हणजे मागच्यानेच?" मी विचारलं.

"हां. पुढच्याला आता आराम. हवा में चलाने का." आणि त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या.

हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला आणि तोवर मृणालिनी पुढे बसलेली होती.

उतार मात्र मजेचा होता. ती लहान मुलीसारखी ओरडत होती. "अहो, समुद्र! अहो, होड्या बघा! अहो, ते बघा, कसलं सुंदर झाड!"

"कसं आहे?" मी मागून विचारलं. मला तिच्या पाठीशिवाय आणि उडणाऱ्या पदराशिवाय काही दिसत नव्हतं. या वेळी गाठोडं माझ्या पाठीवर बांधलेलं होतं, गाठ तिने मारली होती आणि बोका अजूनही मागे होता.

"कसं म्हणजे? झाडासारखं! तुम्ही पेडल मारा."

उतार संपला. मोर्वे, राई, मुर्धे. सकाळी ही गावं सपाट होती. दुपारी कोणीतरी ती उचलून तिरकी ठेवली होती. ऊन डोक्यावर. घाम डोळ्यांत. पुढे मृणालिनी पाय हवेत फिरवत गुणगुणत होती आणि मधेच मागे वळून म्हणत होती, "घाबरू नका. मी आहे!"

बाकीच्या जोड्या कधीच पुढे निघून गेल्या होत्या. प्रीतमभाई जाताना माझ्या हातात खाखरा देऊन गेले. "पीछेवालों का," ते म्हणाले. "पण तुमच्यासारखं पीछे मला नको हं, सुभाषभाई."

शेवटी पूल आला. पूर्वेला उतरायचा आमचा पूल. पलीकडे तो संपतो तिथेच सोसायटीचं गेट. सकाळी मी या पुलावरून घंटी वाजवत गेलो होतो. आता मी त्याच्याकडे हिमालयाकडे बघावं तसं बघितलं. पुन्हा दात आवळले. सुभाष, मेलास तरी चालेल. अर्ध्यापर्यंत गेलो. मांड्या थरथरल्या. मागून रिक्षावाल्याने भोंगा मारला. आणि माझा डावा पाय, ज्याला मी एवढं जपलं होतं, तो मला न विचारता जमिनीवर उतरला.

सायकल थांबली. मृणालिनीने वळून आधी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा पूल आहे," मी घाईघाईने म्हणालो. "चढ नव्हे."

"पुलाला चढ नसतो?"

"पैज टेकडीची होती."

"पैज चढाची होती. आणि कायमची. स्कूटरवरसुद्धा."

आम्ही ढकलत माथ्यापर्यंत नेली. तिथून खाली गेटपर्यंत सरळ उतार. मी मागे बसायला गेलो, तर पाय वर उचलेचना. एक गुडघा वाकत नव्हता, दुसरा सरळ होत नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली. खरंच मायेने म्हणाली. "तुम्ही सावकाश चालत या. उतारच आहे, पेडलची गरज नाही. गाठोडं द्या इकडे."

तिने माझ्या पाठीवरचं बोंबलाचं गाठोडं सोडलं, मागच्या सीटवर नीट बसवलं, सुतळी पदरासारखी ओढून एक गाठ मारली, टोपी सरळ केली आणि घंटी वाजवत निघून गेली. माझ्या सीटवर बोंबील ऐटीत बसून चालले होते. बोका माझ्याकडे एक नजर टाकून तिच्या मागे धावला.

मी कठड्याला धरत धरत खाली आलो. हेल्मेट डोक्यावर, खाखरा हातात. गेटवर हरिश्चंद्र उभाच होता. मला बघून त्याने गेट पूर्ण उघडलं, जे तो एरवी टेम्पोसाठी उघडतो.

"आलात साहेब? वहिनी कधीच वर गेल्या. मी त्यांना विचारलं, साहेब दिसत नाहीत?"

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सामान जास्त झालं, म्हणून अर्धं पुलावर ठेवलंय. येतंय चालत."